दिवस भरला, पण काम झालं का? उत्पादकतेबद्दलचे आपले गैरसमज

अंबडची_पाळी | २२ मार्च, सकाळी १०:४०

पाडव्याच्या आदल्या रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर एक संदेश फिरला. पहाटे चारला उठा, दिवसाचे सोळा तास आखून घ्या, एकही मिनिट रिकामं ठेवू नका, एकवीस दिवसांत सवय लागते. खाली अंगठ्यांची रांग. दुसऱ्या दिवशी गुढी उभारून झाल्यावर भाची गच्चीवर माझ्याशेजारी येऊन बसली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पोरगी कष्टाळू. म्हणाली, "मामा, मी तीनदा करून पाहिलं. चौथ्या-पाचव्या दिवशी मोडतंच. मी आळशी आहे का?"

तिला तेव्हा जे तुटक तुटक सांगितलं, ते नीट लिहून काढावं म्हणून हा धागा.

मी चौदा वर्षं एमआयडीसीत प्रॉडक्शनला आहे. उत्पादकता हा शब्द आमच्याकडे रोज फळ्यावर आकड्यात लिहिला जातो, आणि तो भागाकार असतो. वर निघालेला चांगला माल, खाली त्यासाठी घातलेले तास. आठ तासांत ८० नग निघाले तर तासाला दहा. बारा तास थांबून ९६ निघाले तर तासाला आठ. माल वाढला, उत्पादकता घटली. घरात, कॉलेजात, ऑफिसात मात्र आपण खालचाच आकडा अभिमानानं सांगतो. "मी चौदा तास बसतो." वर काय आहे ते कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा गैरसमज हाच, बाकीचे त्याच्याच पोटातून येतात.

एक अनुभव सांगतो. पूर्वी मी एका छोट्या कारखान्यात होतो. शाफ्ट, म्हणजे यंत्रात फिरणारे दांडे, बनवायचो. सहा सीएनसी लेथ, म्हणजे संगणकावर चालणारी कातकामाची यंत्रं, मग ड्रिलिंग, शेवटी ग्राइंडिंग, म्हणजे घासून नेमक्या मापाला आणणं. ग्राइंडिंगचं मशीन एकच आणि ते दिवसाला २०० नग काढायचं. लेथवाल्यांना मात्र टार्गेट होतं, टार्गेट गाठणाऱ्याचं नाव फळ्यावर लागायचं, म्हणून लेथ दिवसाला ३०० नग काढत पळायच्या. कुणीही आत आलं की म्हणायचं, काय जोरात काम चाललंय! एकही माणूस उभा नाही, एकही मशीन बंद नाही.

आणि ग्राइंडिंगपुढं ढीग. क्रेटवर क्रेट, चालायच्या वाटेवरसुद्धा. एके दिवशी मोजले तेव्हा १८०० नग पडून होते. रोज २०० बाहेर पडत असतील तर आज लेथवरून उतरलेल्या नगाची पाळी नऊ दिवसांनी येणार. पडून असलेला माल भागिले रोज बाहेर पडणारा माल, एवढं साधं गणित आहे. १९६१ साली जॉन लिटल यांनी त्याची सिद्धता दिली म्हणून त्याला लिटलचा नियम म्हणतात. नियम कारखान्यापुरता नाही. बँकेतल्या रांगेला लागू आहे, टेबलावरच्या फायलींना लागू आहे.

नऊ दिवस उशीर एवढ्यावर भागलं असतं तर चाललं असतं. पावसाळ्यात वरच्या क्रेटला गंज धरला. मग एका लेथवर ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाची नोंद, चुकला होता आणि व्यास कमी निघत होता, ते ग्राइंडिंगला माल गेल्यावरच कळलं. तोवर त्या लेथनं आठ-नऊ दिवस तसेच नग काढले होते. चारशेच्या वर शाफ्ट भंगारात गेले. त्यातला प्रत्येक नग कुणीतरी घाम गाळून, टार्गेटच्या वेळेत काढला होता.

नंतर आम्ही ग्राइंडिंगपुढं तीनच रॅक ठेवले, ६०० नगांचे. रॅक भरले की लेथ बंद. पहिल्या आठवड्यात मालक दोनदा खाली येऊन म्हणाले, "पगार उभं राहायला देतो का?" त्यांचंही चूक नव्हतं, रिकामा माणूस डोळ्यांना टोचतोच. पण टोयोटात ताइइची ओनो यांनी वाया जाण्याचे सात प्रकार मांडले, त्यात गरजेपेक्षा जास्त बनवणं त्यांनी सगळ्यांत वाईट मानलं, कारण बाकीची गळती त्याच ढिगाखाली झाकली जाते. आमच्याकडे तेच उघडं पडलं. उभे राहिलेले लेथवाले ग्राइंडिंगला मदत करू लागले, पुढचा जॉब तयार ठेवू लागले, मापं घ्यायची गेज तपासू लागले. माल तिसऱ्या दिवशी बाहेर पडू लागला आणि चूक झाली तर तिसऱ्या दिवशी सापडू लागली.

त्या दिवशी गच्चीवर मी भाचीला विचारलं, "तुझी उघडलेली कामं किती?" तिनं मोजली. दोन ऑनलाइन कोर्स, कोडिंगचा सराव, जर्मन, कॉलेजचा प्रोजेक्ट, एक स्पर्धा, मेंदी काढायला शिकणं, धावणं. आठ लेथ, आणि ग्राइंडिंगचं मशीन एकच, ते म्हणजे ती स्वतः. तिच्यात आळस कुठं आहे? ढीग आहे.

तुमचे अनुभव लिहा. विरोधातले आधी लिहा.

निफाडचा_मळा | २२ मार्च, दुपारी १:१५

दादा, लेथचं जे सांगितलं ना, तेच बागेचं आहे. वेलीवर घड किती ठेवायचे यावरून आमच्या घरात दर साली वाद. वडील म्हणायचे, आलेला घड तोडायला हात कसा धजतो? पण वेलीला जेवढी पानं, तेवढंच अन्न. घड जादा ठेवले की मणी फुगत नाही, साखर भरत नाही, माल निर्यातीच्या प्रतीत बसत नाही. वर वेल थकते आणि पुढच्या साली घडच कमी निघतात. म्हणून घड दिसायला लागले की विरळणी. खाली पडलेले कोवळे घड बघून अजूनही जीव तुटतो, पण त्यांना तोडल्याशिवाय राहिलेल्यांना न्याय मिळत नाही.

आणि रिकाम्या वेळेबद्दल. आमचा माल आत्ता उतरला. आता लगेच छाटणी करायची नाही. पंधरा दिवस ते महिनाभर बागेला विश्रांती. त्या काळात वेल काडीत, मुळीत अन्न साठवते. घाई केली की काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, मागंपुढं फुटतात. त्यानंतर एप्रिलची खरड छाटणी. तिच्यातून एक मणीसुद्धा मिळत नाही बरं का, फक्त काडी तयार होते. पण त्या काडीच्या डोळ्यात सूक्ष्मघड, म्हणजे पुढच्या घडांची इवली सुरुवात, उन्हाळ्यातच घडतात आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर ते बाहेर येतात. पुढच्या फेब्रुवारीचा माल या मे महिन्यात ठरणार. मे महिन्यात आमच्या बांधावरून कुणी गेलं तर म्हणेल, इथं काहीच चाललेलं नाही.

तुमच्या भाचीला सांगा, दुसरं वर्ष म्हणजे खरड छाटणी आहे.

येवला_रेशीम | २२ मार्च, दुपारी २:०२

+१. आमच्या गल्लीत पैठणीचे माग आहेत. पदरावरचा मोर धाग्याधाग्यानं हातानं भरावा लागतो. एक रंग चुकला की तेवढं उकलून परत. दमलेल्या डोळ्यांनी विणलेला तास दुसऱ्या दिवशीचे दोन तास खातो, म्हणून जाणता विणकर नजर थकली की उठतो. नवशिका बसून राहतो.

खुर्ची_क्रमांक_१७ | २२ मार्च, सायंकाळी ६:३०

राज्यसेवेची तयारी करतोय, तिसरं वर्ष. अशोकस्तंभाजवळच्या अभ्यासिकेत बसतो. आमच्यात सगळं तासांवरच मोजलं जातं. टायमर लावायचा, रात्री ग्रुपवर आकडा टाकायचा. माझा बारा असायचा. दोन पूर्व परीक्षा गेल्या.

मग कळलं की बारा तासांतले नऊ मी वाचलेलंच परत वाचत होतो, रंगीत रेघा ओढत होतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून नंतर न बघता आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढं होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं विचारलं तर उलटं, वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ५६. हे पाच मिनिटांचं पुढं असणंच आम्हाला फसवतं. रात्री झोपताना वाटतं, आज खूप झालं.

आता एक प्रकरण वाचतो, पुस्तक मिटतो, कोऱ्या कागदावर लिहितो. सात तासांच्या वर जमत नाही, डोकं खरंच दुखतं. ग्रुपवर सात टाकायची लाज वाटायची, म्हणून ग्रुप सोडला. निकाल काय लागेल ते लागेल, पण आता मला काय येत नाही हे रोज कळतं. आधी दोन वर्षं ते कळतच नव्हतं.

एक विचारायचं होतं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी, हे कुणी वापरतं का? माझी तर लय लागायला वीस मिनिटं जातात.

मीठ_मोहरी | २२ मार्च, रात्री ९:५०

अंबडची_पाळी दादा, लेख मनापासून लिहिलाय म्हणून मनापासूनच विरोध करते. तुमचा भागाकार माझ्या घरात चालत नाही.

मी इंदिरानगरला राहते, अर्धवेळ शिकवण्या घेते, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. माझ्या दिवसाच्या शेवटी "निघालेला माल" काय दाखवू? पोळ्या खाल्ल्या गेल्या, कपडे परत मळले, ओटा पुसला तो सकाळी पुन्हा पुसायचा. जे झालं नसतं तर सगळ्यांना दिसलं असतं, ते झालं म्हणून कुणालाच दिसत नाही. देशभर २०१९ साली वेळेच्या वापराची पाहणी झाली होती. घरकाम करणाऱ्या बायका तेव्हा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि जे पुरुष करत होते ते ९७ मिनिटं. या पाच तासांना पगार नाही.

पहाटे चारला उठून ध्यान, व्यायाम, वाचन करणाऱ्या माणसाचा डबा कोण भरतं? त्याच्या शांत तासांखाली दुसऱ्या कुणाचे तरी तास अंथरलेले असतात. ते भागाकारात धरा आणि मग आकडा सांगा.

आणि एक गैरसमज माझ्याकडून जोडा. "बायकांना एकावेळी चार कामं जमतात." कौतुकानं म्हणतात. जमत नाहीत हो, करावी लागतात. गेल्या महिन्यात गॅसवर दूध, कानाला फोन, समोर मुलाची बेरीज आणि आतून सासूबाईंची हाक. दूध ओतताना हात भाजला. अजून डाग आहे. हे कौतुक ऐकलं की मला वाटतं, यापेक्षा एखादं काम हातातून काढून घ्या.

अंबडची_पाळी | २२ मार्च, रात्री ११:०५

ताई, तुमचं बरोबर आहे आणि माझ्या लेखातली ही उणीव खरी आहे. कारखान्यातही हे होतं. मेंटेनन्सचा माणूस चांगला असेल तर मशीन बंद पडत नाही, आणि मशीन बंद पडत नाही म्हणून वर्षअखेरीला विचारतात, हा करतो काय? मी त्या बैठकांना बसलेलो आहे आणि गप्पही राहिलेलो आहे. राखण्याच्या कामाला नग नसतात. ते मोजायचं तर न घडलेल्या बिघाडात मोजावं लागतं.

आज घरी विचारलं. आमच्याकडे डबा पावणेसहाला तयार असतो. मी सव्वासहाला उठतो. चौदा वर्षांत हे गणित मी मांडलं नव्हतं. उद्यापासून सकाळची भाजी माझ्याकडे.

पंचवटीचा_पास | २३ मार्च, सकाळी ८:२०

गाडीतून लिहितोय. नाशिकरोडहून आठवड्यातले तीन दिवस मुंबई, बाकी घरून काम. आयटी.

घरून कामाच्या दिवशी माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका विझू नये म्हणून मी जेवताना लॅपटॉप उघडा ठेवायचो. निरोपाला दोन मिनिटांत उत्तर. सगळे म्हणायचे, हा फार तत्पर. महिन्याच्या शेवटी पाहिलं तर ज्यासाठी मला घेतलं होतं ते डिझाइन तसंच अर्धवट.

सोफी लेरॉय यांचा २००९ सालचा एक अभ्यास आहे. एका कामावरून दुसऱ्यावर गेलो तरी लक्षाचा काही भाग पहिल्यावरच चिकटून राहतो, त्यातही पहिलं अर्धवट सुटलं असेल तर जास्त. म्हणजे निरोपाला उत्तर द्यायला तीस सेकंद लागत असतील, पण परत येताना मी पूर्ण परत येत नाही.

मला हे पटलं ते गाडीत. इगतपुरी सुटली की कसारा घाटात नेटवर्क जातं. बोगदे, दऱ्या, फोन मुका. त्या अर्ध्या तासात मी कागदावर जे आखतो ते ऑफिसात चार तासांत होत नाही. आता घरीही सकाळी नऊ ते साडेदहा "घाट" असतो, फोन दुसऱ्या खोलीत. टीमला तसं सांगून ठेवलंय. पहिल्या आठवड्यात दोघं नाराज झाले, नंतर त्यांनीही आपापले घाट ठरवले.

१७, तुझ्या प्रश्नाबद्दल: ते तंत्र फ्रान्सेस्को चिरिल्लो यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी स्वतः विद्यार्थी असताना काढलं. स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ वापरलं, म्हणून नाव पोमोडोरो. सुरुवातच होत नसेल तेव्हा पंचवीस मिनिटं छान. लय लागलेली असताना घंटा वाजवून स्वतःला उठवायचं कारण नाही. तुझं काम नव्वद मिनिटांचं असेल तर नव्वद लाव.

सातपूर_ओटी | २३ मार्च, रात्री ११:४०

सगळं वाचलं. चांगलं लिहिताय सगळे. पण एक गोष्ट इथं कुणी बोललं नाही.

मी सातपूरला कंत्राटी आहे, डिबरिंगला, म्हणजे नगांच्या कडेची धारदार कुसळं काढायला. बारा तास थांबतो, कारण आठ तासांत घराचा हप्ता निघत नाही. ओव्हरटाइमला, म्हणजे ओटीला, दुप्पट दर द्यायचा असं कायद्यात आहे हे मलाही माहीत आहे. मिळतो एकपट. विचारलं तर उद्यापासून येऊ नको. वर वेळेवर निघालो तर सुपरवायझर म्हणतो, याला कामाची आवड नाही.

तेव्हा "कमी तास, जास्त काम" हे ज्याला पगार ठरलेला आहे त्याचं. आमचे तास हाच आमचा माल आहे.

अंबडची_पाळी | २४ मार्च, सकाळी ७:१०

भाऊ, तुमच्याशी वाद नाही. तुम्ही थांबता ते पोटासाठी, आणि त्याला तुम्ही उत्पादकता म्हणतही नाही. म्हणतात ते वरचे. माझं भांडण त्यांच्याशी आहे.

त्यांना सांगायला एक जुना दाखला देतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत माणसं आठवड्याला सत्तर-सत्तर तास राबत होती. युद्ध चालू, तोफगोळे कमी पडताहेत, तास वाढवणं हेच देशप्रेम. १९१५ साली सरकारनं कामगारांच्या आरोग्यासाठी समिती नेमली आणि तिच्या लोकांनी तास आणि नग दोन्ही मोजले. त्याच नोंदी जॉन पेनकॅव्हेल या अर्थशास्त्रज्ञानं पुन्हा तपासून २०१४ मध्ये निबंध लिहिला. साधारण ४९ तासांपर्यंत तास वाढले की माल त्याच प्रमाणात वाढतो. त्याच्या पुढं वाढ मंदावते. आणि ७० तासांचा माल ५६ तासांच्या मालापेक्षा जेमतेम वेगळा. वरचे चौदा तास माणसाच्या अंगातून गेले आणि कारखान्याच्या हाती काही आलं नाही.

आपल्याकडे १९४८च्या कारखाना कायद्यातही आठवड्याचे ४८ तासच होते. मी बरीच वर्षं ते फक्त कामगाराच्या सोयीसाठी आहेत असं समजत होतो.

एक विनंती. एक आठवडा तुमच्या टेबलापुढचा ढीग आणि रोज बाहेर जाणारे नग वहीत लिहाल? आणि परत येणाऱ्या नगांवर ते कोणत्या वेळेला झाले होते तेही. नाव, कंपनी काही नको.

रात्रपाळी_सिस्टर | २४ मार्च, दुपारी ३:३०

वॉर्डमध्ये बावीस वर्षं. रात्रपाळी करून घरी आल्यावर दुपारी झोपले की शेजारी म्हणतात, सिस्टर काय मजेत झोपतात!

झोप कमी करून वेळ मिळतो हा गैरसमज मी रोज बघते. २००० साली विल्यमसन आणि फेयर यांनी तपासलं होतं. सलग १७ ते १९ तास जागा असलेला माणूस काही चाचण्यांत रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका किंवा त्याहून वाईट ठरला. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. म्हणजे पहाटे चारला उठून रात्री अकराला स्वतः गाडी चालवत घरी जाणाऱ्याला पोलीस अडवणार नाहीत, पण त्याचे हात त्या अवस्थेतले असू शकतात. आम्ही औषधाचा डोस दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेतो, पहाटेच्या वेळी तर हटकून.

भाचीसाठी: पहाटे उठणं चांगलं की वाईट, हे ज्याच्या त्याच्या शरीराच्या घड्याळावर आहे. विशी-बाविशीत ते घड्याळ मुळातच उशिरा चालतं. माझी स्वतःची मुलगी रात्री दहा ते बारा उत्तम अभ्यास करते आणि सातला उठते. सात तास पुरे झोपते, म्हणून मी तिला उठवायला जात नाही.

गंगापूररोड_सायकल | २४ मार्च, रात्री ८:४५

एकवीस दिवसांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जननं १९६० साली लिहिलं की रुग्णाला बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला "किमान" एकवीस दिवस लागतात. "किमान" गळालं आणि चेहराही गळाला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजून २०१० मध्ये छापलं, तर सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस, कुणाला १८, कुणाला २५४ असा हिशेब निघाला. आणि मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं काही बिघडत नाही, हेही निघालं.

भाचीचा पाचव्या दिवशी मोडलेला नेम मोडलेला नव्हताच. तिनं सहाव्या दिवशी फक्त पुढं चालू ठेवायला हवं होतं. कुणी तिला तसं सांगितलं नाही.

मीठ_मोहरी | २५ मार्च, दुपारी ४:१०

दादा, भाजीचं काय झालं?

अंबडची_पाळी | २५ मार्च, रात्री १०:३०

तीन दिवस चालू आहे. पहिल्या दिवशी पन्नास मिनिटं लागली, आज पस्तीस. चिरायला वेळ लागत नाही, आज काय करायचं हे ठरवायला लागतो, हे नव्यानं कळलं. बायको म्हणाली की ते ठरवणं तिच्या डोक्यात दिवसभर चालू असतं, ऑफिसातसुद्धा. ते कुठल्याच पाहणीच्या मिनिटांत येत नसणार. रविवारी बसून आठवड्याची यादी दोघांनी केली, आता ती फ्रिजवर आहे.

निफाडचा_मळा | १ एप्रिल, सकाळी ६:५०

उद्यापासून छाटणी. मजूर ठरले. पंधरा दिवस बागेत कात्री चालेल, इथं येणं होणार नाही.

सातपूर_ओटी | ३ एप्रिल, रात्री ११:५५

आठ दिवस लिहिलं. सांगतो.

टेबलापुढचा ढीग सरासरी ९०० नग. रोज बाहेर जातात १५०. म्हणजे सहा दिवस. तुमच्या नियमानं.

परत आलेले नग. सकाळच्या आठ तासांत केलेल्यांतले ४१ परत आले. ओटीच्या चार तासांत केलेल्यांतले ३८. ओटीत मी निम्म्याहूनही कमी नग करतो, तरी परत येणारे जवळपास तेवढेच. आणि ते परत आलेले नग मी दुसऱ्या दिवशी कधी करतो? ओटीत. माझ्याच चुका दुरुस्त करायला मला थांबवून घेतात, हे वही बघेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

काल जेवणाच्या सुट्टीत वही सुपरवायझरला दाखवली. भीती वाटत होती. दोन पानं उलटली, काही बोलला नाही. मग विचारलं, ही वेळ तू स्वतः लिहिलीस का? हो म्हटलं. वही घेऊन वर गेला, तो अजून काही बोललेला नाही. बायकोला सांगितलंय, महिनाभर हप्त्याची ओढाताण होऊ शकते, ती म्हणाली बघू.

नवीन वही घेतली आहे. आजचे आकडे त्यात लिहिले, ढीग ८७०.